साहेबांच्या शर्टाचं माप

प्रिय बर्फवाल्या,

हे नाव वाचून दचकू नकोस. आता तुला सगळे प्रोफेसर म्हणतात, आमंत्रणपत्रिकेवर तुझ्या नावाच्या मागेपुढे इतक्या पदव्या लागल्यात की मधलं नाव शोधावं लागतं. पण थर्माकोलची पेटी काखेत मारून, बर्फाने बोटं लाल करून दिवसभर जिने चढणारा-उतरणारा जो पोरगा होता त्याला मी याच नावाने हाक मारायचे, आणि मला त्याच्याशीच बोलायचं आहे. प्रोफेसरांशी माझी ओळख नाही. तुझी ई-मेल आली. इतक्या वर्षांनी आली आणि तीही 'आशा आहे आपण कुशल असाल' अशी सुरू झाली, तेव्हा आधी वाटलं दुसऱ्या कोणाची चुकून माझ्याकडे आली. आपण! ज्या माणसाने माझ्या डब्यातलं अर्धं जेवण रोज न विचारता खाल्लं त्याने मला 'आपण' म्हणावं, याला प्रगती म्हणत असावेत. ई-मेललाच उत्तर देता आलं असतं, पण तिथे माझी बोटं फार लवकर शहाणी होतात. कागदावर जरा मोकळं रागावता येतं, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की अभ्यासाला वीस वर्षं होताहेत, ज्या दिवशी 'तो' नमुना हाती लागला त्याच तारखेला संस्थेने तुझा सत्कार ठेवला आहे, आणि ज्या बाईच्या रक्तातून तो मिळाला ती 'हयात असल्यास' मी तिला शोधून काढावं, कारण व्यासपीठावर 'एक मानवी चेहरा' असावा असं आयोजकांना वाटतं. बाकीचे चेहरे कसले असणार आहेत ते तू लिहिलं नाहीस. असो. शोधायची गरज नाही. ती हयात आहे, चांगली ठणठणीत आहे, आणि मी वरचेवर तिच्याकडे जाते. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. शिलाई मशीन, कापायचं टेबल, दोरीवर टांगलेले शाळेचे गणवेश आणि कोपऱ्यात इस्त्री. जवळच्या शाळेतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तिच्या हातचे कपडे असतात. आता चष्मा लागलाय. मी गेले की न बोलता सुई-दोरा माझ्यापुढे धरते, कारण माझे डोळे अजून शाबूत आहेत असा तिचा समज आहे. तुला ती आठवते की नाही कोण जाणे. तू तिला कोडनेच ओळखायचास. मी तिला बटणवाली म्हणायचे.

आपल्या त्या जुन्या इमारतीत आता विमा कंपनीचं ऑफिस आहे. मध्यंतरी कामासाठी गेले होते. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्यांनी झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. आठवते ती खोली? प्लायवुडची भिंत, पलीकडच्या बाकावर बसलेल्याला अलीकडचं सगळं ऐकू जायचं, म्हणून मी मुद्दाम खडखडणारा टेबलफॅन मागून घेतला होता. तू चांगला बिनआवाजाचा पंखा आणून दिलास तेव्हा मी तुझ्यावर किती उखडले होते! त्या खडखडाटाच्या आडोशाने जोडपी बोलायची. अशी जोडपी, ज्यांतल्या एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही. ज्याला नाही त्याला तो होऊ नये, हे माझं काम. दर महिन्याला त्यांनी यायचं, मी चार शब्द सांगायचे, सख्ख्या आईनेही विचारू नयेत असे प्रश्न विचारायचे, निरोधची पाकिटं द्यायची, आणि मग दंडाला पट्टा बांधून रक्त घ्यायचं. ते रक्त बर्फात घालून तू वर न्यायचास. तळमजला माझा, पहिला मजला तुझा.

वर तू काय शोधतोस ते तू मला जिन्याच्या वळणावर समजावलं होतंस, पेटी पायऱ्यांवर ठेवून. म्हणालास, ज्याला लागण होऊन काही वर्षं झालीत त्याच्या अंगात एक विषाणू नसतो, नाना तऱ्हांच्या विषाणूंची गर्दी असते. शरीर त्यांच्या मागे लागतं, ते रूप बदलतात, शरीर पुन्हा मागे लागतं, ते पुन्हा बदलतात. कोणी अंगावर साखरेची जाड झूल चढवतो, कोणी पेशीत शिरायला दुसरंच दार शोधतो. पण ही सगळी गर्दी नवऱ्याकडून बायकोकडे जाताना वाटेत अडते आणि बहुतेक वेळा एकच पार होतो. बायकोच्या अंगात पुढे जे काही वाढतं ते त्या एकाचं. आणि गंमत म्हणजे, गंमत हा तुझाच शब्द, हा पार होणारा गर्दीतला सगळ्यांत पटाईत गडी नसतो. नवऱ्याच्या शरीराशी झुंजून जे तयार झाले ते मागेच राहतात. पार होतो तो साधा, बऱ्याचदा कमी झुलीचा, नेहमीच्याच दाराने शिरणारा. नवऱ्याला मुळात जो लागला होता, त्याच्याशीच जास्त मिळताजुळता. तो नेमका कसा असतो हे कळलं की लस त्याच्यासाठीच करायची, उरलेल्या गर्दीशी भांडत बसायचं कारण नाही. तुझे डोळे असे चमकायचे की मला वाटायचं लस उद्या सकाळीच निघणार. मी तुझ्या प्रेमात पडले ती या भाषणांमुळे, हेही लिहून टाकते. लाजायचं वय आता गेलं.

अडचण एकच होती. तो एक कोण हे कळायला माणूस लागण झाल्याझाल्या सापडावा लागतो, पहिल्या काही आठवड्यांत, त्या एकाची पिलावळ अजून एकसारखी असते तेव्हा. उशीर झाला की तिचीही गर्दी होते आणि मूळ कोण ते हरवतं. म्हणून तर दर महिन्याला रक्त. मी खाली लागण होऊ नये म्हणून घसा कोरडा करायचे आणि तू वर ती कधी होते याची वाट पाहायचास. इमारत एक, पगार एकाच तारखेला. जिन्यात भेटलास की विचारायचास, 'काय, ताजं काही?' भाजीच्या गाडीपाशी विचारावं तसं. आणि मी हसायचे. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटायचं.

बटणवाली आणि तिचा नवरा या जोडप्यांतलेच. तो घरं रंगवायचा, त्याला होता. ती रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला होती, तिला नव्हता. पहिल्या दिवशी मी माझी नेहमीची टकळी लावली होती आणि ती माझ्या मनगटाकडेच बघत होती. मग पर्समधून सुई-दोरा काढला, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि बाहीचं लोंबणारं बटण शिवून दिलं. दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, 'आता बोला ताई, मघापासून लक्षच लागेना.' रंगारी उंच, अबोल, खुर्चीला रंग लागेल म्हणून आधी रुमाल पसरून मग बसणारा. काही विचारलं की बायकोकडे बघायचा आणि एकच म्हणायचा, 'हिला काही व्हायला नको.' एकदा रक्त घेणारा आला नाही म्हणून तू स्वतः खाली आलास, ते तरी आठवतं का? तुझ्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण एका धाग्यावर झुलत होतं. 'साहेब, हलू नका,' म्हणाली, आणि अंगावरच्या अंगावर ते शिवलं. तू हनुवटी वर करून फोटोला उभं राहिल्यासारखा उभा. तू गेल्यावर मला म्हणते, साहेबांचा गळा बारीक आहे, रेडिमेड शर्टात मान खुळखुळते त्यांची. महिनाभर मी तुला त्यावरून छळलं होतं.

त्यांना मूल हवं होतं. हे ती पंखा पूर्ण जोरात लावल्यावर बोलली. मला शिकवलेलं उत्तर मी दिलं आणि ते देताना माझंच तोंड कडू झालं. मग माझ्या डोक्यात आलं, रंगाऱ्याला आत्ताच औषधं सुरू केली तर? औषधांनी त्याच्या रक्तातला विषाणू दबेल, मग बायकोला धोका कितीसा उरणार. छातीठोकपणे तेव्हा कोणी सांगत नव्हतं, पण अंदाज इमारतीत सगळ्यांना होता, तुला तर सगळ्यांत जास्त. नियम असा होता की रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी अमुक इतक्या खाली आल्याशिवाय औषध नाही, आणि त्याच्या आलेल्या नव्हत्या. औषधंही तुटपुंजी होती, मान्य. पण मोठे डॉक्टर तुझं ऐकायचे, तू त्यांचा लाडका, आणि इतर एकदोघांसाठी नियम वाकवलेला आपण दोघांनीही पाहिला होता. मी वर आले. तू नळ्यांना चिठ्ठ्या लावत होतास. मी म्हटलं, एक शब्द टाक. तू मान वर न करता, हसत म्हणालास, 'त्याला औषध दिलं तर काहीच पार होणार नाही, मग आपण बघायचं काय?' मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तू हसतोयस म्हणजे हा विनोद असणार आणि संध्याकाळपर्यंत तू डॉक्टरांशी बोलणार, असं धरून मी खाली गेले. तू बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. मी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी मला समुपदेशकांनी समुपदेशन करावं असं गोड शब्दांत सुनावलं. आता तर दवाखान्यादवाखान्यांत पोस्टर आहे, औषधं नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला की जोडीदाराला लागण होत नाही. माझ्या आताच्या खोलीत ते मीच लावलं. लावताना टाचणी बोटात गेली आणि मी तुला एक सणसणीत शिवी दिली, तुला उचकी लागली असेल तर ती त्याची.

आणि मग ती तारीख. जिच्यावर आता तू सत्कार ठेवला आहेस. बटणवालीला कारखान्यात निरोप गेला, की या वेळचं रक्त कमी पडलं, अजून थोडं हवंय. असं कधी होत नसे. ती अर्धी रजा टाकून आली. खाली रक्त घ्यायची खोली रंगवायला काढलेली, म्हणून तिला वर नेलं, तुमच्याच दाराबाहेरच्या बाकावर. मला खाली फोन आला तो तुझाच, 'लवकर वर ये, केक आहे.' आवाज असा, जसा तुझी शिष्यवृत्ती मंजूर झाली तेव्हाही नव्हता. मी धावत वर आले. दार उघडलं तर सगळे कोंडाळं करून उभे, मोठे डॉक्टर स्वतः सुरी धरून, आणि तू मला दंडाला धरून गदागदा हलवत म्हणालास, 'ताजं! एकदम ताजं! अजून अँटीबॉडीसुद्धा नाहीत!' साध्या तपासणीत दिसलंही नसतं इतकं ताजं. कोणाचं, असं मी विचारलं आणि तू कोड सांगितलास. तुला तो आकडा होता. मला ते बटण होतं. मी कशाला तरी टेकले, तुझ्या त्या फ्रीजलाच बहुतेक. तू प्लेटमध्ये तुकडा घेऊन तसाच बाहेर निघालास, शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी द्यायला. आणि बाकावर ती बसलेली. कोपर दुमडून, आत कापसाचा बोळा दाबून. तिने तुझ्याकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं, आणि हसून विचारलं, 'साहेब, कोणाचा वाढदिवस?'

मी दारात होते. मी तुझी पाठ बघत होते. तू एक क्षण थांबलास आणि म्हणालास, 'माझा.' आणि प्लेट तिच्यापुढे धरलीस. तुझा वाढदिवस ऐन उन्हाळ्यात असतो, आणि आपण तेव्हा स्वेटरं घालून होतो. तिने एका हाताने, दुसरं कोपर तसंच दुमडलेलं ठेवून, तो केक खाल्ला. सगळा. प्लेट बाकाखाली नीट सरकवून ठेवली आणि म्हणाली, 'साहेब, खूप मोठे व्हा.'

अर्ध्या तासाने ती माझ्या खोलीत आली. सांगायचं काम माझं, ते तर ठरलेलंच. मी पंखा लावला. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला क्रीम लागलेलं होतं. हे आधी पुसायला सांगू की आधी ते सांगू, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पाण्याचा पेला पुढे केला तो घेतला नाही. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं वर बघून म्हणाली, 'ताई, हे साहेबांना आज सांगू नका हं. वाढदिवस आहे त्यांचा.' इतकी वर्षं मी या खोल्यांत बसले, माणसं किंचाळलेली पाहिली, भिंतीवर डोकं आपटलेली पाहिली. पण त्या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. बाहेर रंगारी, तिच्या मागोमाग कामावरून आलेला, खुर्चीवर रुमाल पसरून बसला होता. त्याला तिनेच सांगितलं, मला नाही सांगू दिलं. तो रुमाल तिथेच विसरून गेला.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती जिना चढून तुझ्याकडे आली होती. हातात एक रुमाल, कडा हाताने दुमडून शिवलेल्या, कोपऱ्यात बारीक टाक्यांचं फूल. 'वाढदिवसाचं,' म्हणाली. आणि तू तो घेतलास. तेव्हा तरी सांगशील असं मला वाटलं होतं. तू 'थँक यू' म्हणालास आणि खिशात घातलास. त्यानंतर काही महिन्यांतच तू तिचा विषाणू कोरड्या बर्फात घालून बाहेरदेशी गेलास. आपण दोन खिडक्यांची खोली बघून ठेवली होती, पडद्याचं कापडसुद्धा मी आणलं होतं. 'सहा महिन्यांत बोलावतो' म्हणालास. आधी लांब पत्रं, मग आखूड, मग नवीन वर्षाचं छापील कार्ड, ज्यावर तुझ्या बायकोचीही सही होती. त्याबद्दल हे पत्र नाही, निदान मी तसं ठरवून बसले होते. तरी त्या पडद्यांचं काय झालं ते सांगते. बटणवालीनेच त्या कापडाचे उशांचे अभ्रे शिवून दिले, आणि ते इतके टिकले की मला शेवटी त्यांचा राग यायला लागला.

तुझं सगळं लिखाण मी वाचलंय. कळेल तेवढं. तिच्या कोडचे शेवटचे आकडे तुझ्या विषाणूच्या नावात आहेत, तो जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो, लस तपासायची तर त्याच्यावर तपासतात. तिला मूल झालं नाही. रंगारी दोन वर्षांनी गेला. पेशी नियमाइतक्या खाली आल्या तेव्हा औषधं सुरू झाली, पण तोवर त्याला क्षयाने धरलं होतं. तिला औषधं वेळेवर मिळाली, कारण तोपर्यंत मी भांडायला शिकले होते. तुझा एक लेख मी तिला समजावला होता, तिच्याच बटणांच्या डब्याने. डबा टेबलावर पालथा केला, रंगीबेरंगी, चकचकीत, पितळी, आणि म्हटलं, यातलं काजातून एकच गेलं, हे बघ, हे साधं पांढरं, शर्टाचं. तिने ते बटण बोटांत फिरवलं. 'म्हणजे यांना जिच्याकडून आला,' म्हणाली, 'तिच्याकडचा होता तसाच माझ्यापर्यंत आला?' जवळपास तसाच, मी म्हटलं. ती हसली. 'मग ती माझी सवतच नाही, रक्ताच्या नात्यातली झाली की.' आणि बटण पुन्हा डब्यात टाकलं. मला हसू आलं नाही. तुझ्या आणखी एका लेखात वाचलं, की विषाणू शिरला की शरीर पहिली बोंब मारतं, भोवतालच्या पेशींना सावध करतं, आणि त्या आरडाओरडीने बाकीचे विषाणू थबकतात, पण पार होणाऱ्या त्या एकावर तिचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. ते वाचून मी अंक मिटला आणि चहा करायला उठले. जे पार होतात त्यांच्याबद्दल, तुला पाहून झाल्यावर, मला वेगळं शिकायचं काही उरलं नव्हतं.

दर वर्षी त्या तारखेला ती मला म्हणते, 'साहेबांना माझ्या शुभेच्छा कळवा हं ताई.' मी हो म्हणते आणि कळवत नाही. तिला खरं का सांगितलं नाहीस, असं तू विचारशील, कारण दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं तुला पहिल्यापासून जमतं. ते माझं सांगायचं नव्हतंच. 'माझा' हा शब्द तुझ्या तोंडून आला होता. आणि त्या इमारतीतून कोणी प्रेमाने काही दिलं असेल तर तो तुकडाच, असं तिला वाटत असेल, तर तेही मी काढून घ्यायचं का? मला ते जमलं नाही.

परवा तुझं आमंत्रण घेऊन मी तिच्या दुकानात गेले. म्हटलं, साहेबांचा सत्कार आहे, तुला व्यासपीठावर बोलावलंय, जायचं की नाही ते तुझं तू ठरव, कोणाची भीड धरू नकोस. खरं सांगते, ती नाही म्हणेल असं वाटलं होतं, तिने म्हणावं अशी इच्छाही होती. तिने तारीख विचारली. मी सांगितली. आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. 'म्हणजे वाढदिवसालाच! बघा ताई, एवढे मोठे झाले, पण त्या दिवशी माझी आठवण ठेवली.' ती येणार आहे. त्या दिवशी दुकान बंद ठेवणार आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ऑर्डरी ऐन भरात असताना. माइकवर काय बोलायचं ते तिने पाठ केलंय आणि मला दोनदा म्हणून दाखवलंय. सुरुवात 'साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा' अशी आहे. पहिल्या रांगेत तुझी बायको असेल, तिला तुझा वाढदिवस ठाऊक असणार. संस्थेच्या पत्रिकेत तुझी जन्मतारीख छापलेली आहे. कोणीतरी हसेल, कोणीतरी शहाणपणाने तिला दुरुस्त करेल, आणि ती त्या उजेडात, इतक्या लोकांसमोर उभ्याउभ्या हिशोब लावेल, की मग त्या दिवशी केक कशाचा होता. तिला जुळवायला वेळ लागणार नाही. तुझी फजिती झाली तर मी समोर बसून चवीने बघेन, पण तिला तिथे तसं कळू देणार नाही, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

तेव्हा दोनपैकी एक कर. तिचा फोन नंबर मागे लिहिला आहे. दुपारी ती दुकानात एकटी असते, तेव्हा फोन कर आणि तुझ्या तोंडाने तिला सांग, की वाढदिवस नव्हता, काय होतं, आणि रंगाऱ्याच्या औषधासाठी तू शब्द का टाकला नाहीस तेही. त्यानंतर ती येईल की नाही हे तिला ठरवू दे. ते जमणार नसेल, तर मला फक्त मापं कळव. कारण तिने तुझ्यासाठी शर्टाचं कापड आणलंय, पांढरं, बारीक राखाडी रेघेचं, स्वतः बाजारात जाऊन, भाव न करता. ते टेबलावर पसरून, खडू हातात घेऊन ती थांबली आहे आणि रोज मला फोन करून विचारते, साहेबांचं उत्तर आलं का. खांदा, छाती, बाही आणि गळा. अंदाजाने कापलं असतं, पण माणूस इतक्या वर्षांत सुटतो, म्हणते. आणि एक निरोप तिने मुद्दाम द्यायला सांगितलाय. गळ्याचं माप घेताना टेपच्या आत एक बोट ठेवायचं, म्हणजे वरचं बटण लावल्यावर साहेबांना घट्ट होणार नाही.

हा शब्द लिहायचा हक्क कधीच गेला, पण हात आपसूक तिकडेच वळला, म्हणून खोडत नाही,

तुझीच,
तळमजल्यावरची